जॉन क्विन्सी ॲडम्स : अध्यक्षपदाची चार वर्षे आणि नंतरची सतरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.ए.ला ‘अमेरिकेचा इतिहास’ हा विषय घेतलेल्या एका विद्यार्थिनीला पाठ्यपुस्तकात सहावे अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्यावर जेमतेम अर्धे पान सापडले. त्यातही ‘वादग्रस्त निवडणूक’ आणि ‘अयशस्वी कारकीर्द’ एवढेच शेरे होते. मग इतिहासकार या माणसाला इतका मान का देतात, आणि चार वर्षांत काहीच जमले नाही तर त्यांचा वारसा तरी कोणता, असे तिने विचारले आहे.

हा विषय मी पदव्युत्तर वर्गांना जवळपास तीस वर्षे शिकवला आणि पहिली काही वर्षे मीही तेच अर्धे पान शिकवत होतो, हे आधी कबूल करतो. पाठ्यपुस्तक चूक नाही, ते लवकर थांबते एवढेच. १८२५ ते १८२९ या काळात ॲडम्स अध्यक्ष म्हणून खरोखरच फसले. त्याची कारणे बरीचशी त्यांच्या स्वभावात होती: लोकांना खूश करण्याचा कंटाळा, नियमावर बोट ठेवण्याची खोड आणि एकदा पटले की मोडेन पण वाकणार नाही असा हेका. गंमत अशी, की १८३१ मध्ये हाच माणूस प्रतिनिधिगृहात, म्हणजे अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) कनिष्ठ सभागृहात, साधा सदस्य म्हणून येऊन बसला तेव्हा हेच दोष त्याची हत्यारे झाली. त्यामुळे त्यांचा वारसा शोधायचा तर अध्यक्षीय निवासस्थानाऐवजी त्या सभागृहातल्या बाकापाशी जावे लागते. तिथपर्यंत पोहोचण्यासाठी आधीचे आयुष्य मात्र थोडे पाहायला हवे.

(नावाविषयी एक सूचना. मराठी पुस्तकांत ‘क्विन्सी’ असे छापतात म्हणून मीही तेच लिहितो, पण मॅसॅच्युसेट्समध्ये त्या गावाचा आणि या घराण्याचा उच्चार ‘क्विन्झी’ असा होतो. तोंडी परीक्षेत कोणी तसे म्हणाले तर त्याला दुरुस्त करू नये.)

त्यांचा जन्म ११ जुलै १७६७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील ब्रेनट्री इथे झाला. वडील जॉन ॲडम्स पुढे दुसरे अध्यक्ष झाले. आई ॲबिगेल यांची पत्रे आजही त्या काळाच्या अभ्यासात पहिल्या प्रतीचे साधन मानली जातात. १७ जून १७७५ रोजी वडील फिलाडेल्फियात वसाहतींच्या काँग्रेसमध्ये (प्रतिनिधींच्या सभेत) असताना आठ वर्षेही पूर्ण न झालेल्या जॉनला घेऊन ॲबिगेल घराजवळच्या पेन्स हिलवर चढल्या आणि तिथून दोघांनी बंकर हिलच्या लढाईतल्या तोफांचा आवाज ऐकला आणि जळणाऱ्या चार्ल्सटाउनचा धूर पाहिला. त्याच लढाईत डॉ. जोसेफ वॉरन मारले गेले. ते ॲडम्स कुटुंबाचे डॉक्टर होते आणि या मुलाचे वाईट रीतीने मोडलेले बोट कापावे लागण्यापासून त्यांनीच वाचवले होते. म्हातारपणीही ॲडम्स या दिवसाची आठवण काढत. स्वातंत्र्ययुद्ध ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि पुढे लिंकन यांच्यासोबत एकाच सभागृहात जो बसला, असा माणूस शोधायला गेलात तर फार नावे हाती लागणार नाहीत.

दहाव्या वर्षी ते वडिलांबरोबर फ्रान्सला गेले. चौदाव्या वर्षी फ्रान्सिस डेना या अमेरिकी प्रतिनिधीचे चिटणीस आणि फ्रेंच दुभाषी म्हणून थेट सेंट पीटर्सबर्गला पोहोचले, कारण रशियन दरबाराची भाषा फ्रेंच होती आणि डेना यांचे फ्रेंच कच्चे होते. १७८७ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते वकील झाले. १७९४ मध्ये वॉशिंग्टन यांनी त्यांना नेदरलँड्समध्ये वकिलातीवर पाठवले. पुढे प्रशिया, रशिया आणि ब्रिटन अशा नेमणुका झाल्या. मधल्या काळात सिनेटमध्ये गेले, तिथे स्वतःच्या फेडरलिस्ट पक्षाविरुद्ध जाऊन जेफरसन यांच्या १८०७ च्या व्यापारबंदीला पाठिंबा दिला. पक्षाने मुदत संपण्याआधीच त्यांचा उत्तराधिकारी निवडून ठेवला, तेव्हा १८०८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्या सगळ्या आयुष्याचा नमुना या एका प्रसंगात दिसतो. २४ डिसेंबर १८१४ रोजी ब्रिटनबरोबरचे युद्ध संपवणारा घेंटचा तह झाला, त्या अमेरिकी शिष्टमंडळाचे ते प्रमुख होते. हेन्री क्ले हे त्याच शिष्टमंडळात होते. क्ले यांचा पत्त्यांचा डाव मोडून मंडळी पांगायची, त्या सुमारास ॲडम्स उठून दिवसाची सुरुवात करायचे. हे दोघे दहा वर्षांनी एकमेकांच्या नशिबात कसे गुंतले ते पुढे येईलच.

त्यांच्या पत्नी लुइझा यांच्याबद्दल इथे चार वाक्ये लिहायलाच हवीत, कारण पाठ्यपुस्तकात त्यांचे नावही नसते. त्या लंडनमध्ये जन्मल्या होत्या. १८१२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांची तान्ही मुलगी दगावली. फेब्रुवारी १८१५ मध्ये नवऱ्याच्या निरोपावरून सात वर्षांच्या मुलाला घेऊन त्या रशियातून पॅरिसला निघाल्या. प्रवास चाळीस दिवसांचा, वाटेत नेपोलियनच्या युद्धांनी उजाड केलेला मुलूख आणि शेवटच्या टप्प्यात एल्बा बेटावरून परतलेल्या नेपोलियनच्या बाजूचे सैनिक गाडीला आडवे आले. रशियन गाडी पाहून चिडलेल्या त्या सैनिकांसमोर त्यांनी नेपोलियनचा जयजयकार केला आणि गाडी पुढे काढली. ॲडम्स यांच्या सगळ्या मुत्सद्देगिरीत इतक्या थोड्या शब्दांत इतके मोठे काम झालेले मला आठवत नाही.

१८१७ ते १८२५ या काळात ते अध्यक्ष मन्रो यांचे परराष्ट्रमंत्री होते, आणि त्या पदावर त्यांच्या तोडीचे फार थोडे झाले असे बहुतेक अभ्यासक मानतात. १८१८ च्या करारात ब्रिटिश उत्तर अमेरिकेशी असलेली सीमा रॉकी पर्वतापर्यंत ४९ अक्षांशावर ठरली. २२ फेब्रुवारी १८१९ रोजी स्पेनच्या ओनीस यांच्याबरोबर केलेल्या करारात फ्लोरिडा मिळाले आणि अमेरिकेचा नकाशा पहिल्यांदाच कागदावर पॅसिफिक महासागराला टेकला. २ डिसेंबर १८२३ चा मन्रो सिद्धान्त (युरोपीय सत्तांनी अमेरिका खंडांत नव्या वसाहती करू नयेत ही भूमिका) मन्रो यांच्या नावाने ओळखला जातो, पण ब्रिटनबरोबर संयुक्त जाहीरनामा काढू नये, आपले म्हणणे आपणच मांडावे, हा आग्रह ॲडम्स यांचा. ब्रिटिश युद्धनौकेच्या मागे बांधलेल्या होडीसारखे आपण जाऊ नये, असे त्यांनी मंत्रिमंडळात सांगितले होते. त्याच काळात त्यांनी वजन-मापांवर एक जाडजूड अहवालही लिहिला. तो कोणी फारसा वाचला नाही, पण मेट्रिक पद्धतीचे त्यातले कौतुक आजही वाचण्यासारखे आहे.

याच काळाची दुसरी बाजू विद्यार्थ्यांना सांगितली नाही तर चित्र खोटे ठरते. १८१८ मध्ये जनरल जॅक्सन यांनी परवानगीशिवाय फ्लोरिडात घुसून धुमाकूळ घातला, तेव्हा मंत्रिमंडळात त्यांची बाजू घेणारे प्रमुख मंत्री ॲडम्सच होते. त्यांनी मिळवलेल्या जमिनीवर गुलामगिरी पसरणार, हे त्यांना कळत नव्हते असेही नाही. १८२० मध्ये मिसुरी तडजोडीच्या वेळी (मिसुरीला गुलामगिरीसह राज्य म्हणून घ्यायचे, पण त्याच्या उत्तरेकडच्या मुलखात गुलामगिरीला बंदी) ती घटनेला धरून आहे असा सल्ला त्यांनी मन्रो यांना दिला आणि रोजनिशीत मात्र गुलामगिरीला अमेरिकी संघराज्यावरचा मोठा आणि घाणेरडा डाग म्हटले. हा वाद म्हणजे एका मोठ्या शोकांत ग्रंथाचे नुसते मुखपृष्ठ आहे, असेही त्यांनी लिहून ठेवले. तोंडाने गप्प आणि रोजनिशीत स्पष्ट, असा हा काळ होता. अध्यक्ष व्हायचे होते आणि दक्षिणेच्या मतांशिवाय ते कठीण होते, एवढे त्याचे साधे कारण मला दिसते.

१८२४ ची निवडणूक मी फळ्यावर आकडे मांडून शिकवत असे, कारण आकड्यांशिवाय ती कळत नाही. निर्वाचक मते (म्हणजे अध्यक्ष निवडण्यासाठी राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांची मते) एकूण २६१, बहुमताला १३१ हवीत. जॅक्सन ९९, ॲडम्स ८४, अर्थमंत्री क्रॉफर्ड ४१, क्ले ३७. बहुमत कोणालाच नाही. बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निर्णय प्रतिनिधिगृहाकडे गेला. तिथे पहिल्या तिघांतूनच निवड होते आणि प्रत्येक राज्याला, लहान असो की मोठे, एकच मत असते. चौथे आलेले क्ले आपोआप बाद झाले, पण ते त्या सभागृहाचे सभापती होते. ९ जानेवारी १८२५ च्या संध्याकाळी ते ॲडम्स यांच्या घरी आले आणि बराच वेळ बसले. ९ फेब्रुवारीला मतदान झाले. ॲडम्स यांना १३ राज्ये, जॅक्सन यांना ७, क्रॉफर्ड यांना ४. क्ले यांच्या केंटकीच्या विधिमंडळाने जॅक्सन यांना मत द्या असे सांगितले होते आणि तिथल्या मतदारांपैकी कोणीही ॲडम्स यांना मत दिले नव्हते, तरी केंटकीच्या प्रतिनिधींनी ॲडम्स यांनाच निवडले. काही दिवसांतच ॲडम्स यांनी क्ले यांना परराष्ट्रमंत्रिपद देऊ केले.

‘भ्रष्ट सौदा’ हा शब्द तिथून जन्मला. लेखी सौदा झाल्याचा पुरावा नाही. परराष्ट्र धोरण, रस्ते-कालवे आणि आयातकर या सगळ्यांत क्ले यांचे विचार जॅक्सन यांच्यापेक्षा ॲडम्स यांच्या कितीतरी जवळ होते, म्हणून त्यांनी दुसरे काही करणे अवघडच होते. पण परराष्ट्रमंत्रिपद हे तोवर अध्यक्षपदाची शेवटची पायरी ठरलेले होते. मॅडिसन, मन्रो आणि स्वतः ॲडम्स तिथूनच वर गेले होते. मताच्या बदल्यात गादीचा वारसा दिला, असे लोकांना वाटणार हे शेंबड्या पोरालाही कळले असते. ॲडम्स यांना कळले नाही, किंवा कळूनही त्यांनी पर्वा केली नाही. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. हे हात दाखवून अवलक्षण होते.

पुढची चार वर्षे लवकर सांगता येतील. ६ डिसेंबर १८२५ च्या पहिल्या वार्षिक संदेशात त्यांनी राष्ट्रीय विद्यापीठ, रस्ते, कालवे, शोधमोहिमा आणि खगोल वेधशाळा यांची मागणी केली. युरोपात असे ‘आकाशातले दीपस्तंभ’ एकशे तीसच्या वर आहेत आणि अमेरिकेत एकही नाही, असे ते म्हणाले. विरोधकांनी त्या दीपस्तंभांची वर्षानुवर्षे टर उडवली. त्याहून महागात पडले ते दुसरे वाक्य, ज्यात त्यांनी काँग्रेसला सुचवले की मतदारांच्या इच्छेने आपले हात लुळे पडले आहेत असे जगाला दाखवू नका. स्वतः मतदारांच्या बहुमताशिवाय आलेल्या अध्यक्षाने हे म्हणावे! १८२६ च्या निवडणुकांनंतर काँग्रेसची दोन्ही सभागृहे विरोधकांकडे गेली. सरकारी नोकर कामात चुकत नसेल तर केवळ विरोधी गटाचा म्हणून त्याला काढायचे नाही, हा त्यांचा नियम होता. त्यामुळे टपाल खात्याचे प्रमुख जॉन मक्लीन त्याच पदावर बसून जॅक्सन यांचे काम करत राहिले आणि ॲडम्स बघत राहिले. नियम उत्तम होता, राजकारण भोळे.

या काळातली दोन दृश्ये मात्र मला त्यांच्याविषयी बरेच सांगतात. ते पहाटे उठून पोटोमॅक नदीत पोहायला जात. जून १८२५ मध्ये एका जुन्या होडीतून, अंतोआन जुस्ता या आपल्या नोकराला घेऊन, नदी ओलांडायला निघाले. वारा सुटला, होडीत पाणी भरले आणि अमेरिकेच्या अध्यक्षांना सदऱ्याच्या पाण्याने फुगलेल्या बाह्यांशी झगडत किनारा गाठावा लागला. दुसरे दृश्य ४ जुलै १८२८ चे आहे. चेसापीक–ओहायो कालव्याच्या भूमिपूजनात त्यांनी फावडे मारले ते मुळावर आदळले. पुन्हा मारले, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी कोट काढून बाजूला टाकला आणि जोर लावून माती उचलली. हजारोंचा जमाव ओरडून उठला. भाषणापेक्षा कोट काढण्याने लोक जास्त खूश झाले, हे त्यांनी स्वतःच काहीशा आश्चर्याने नोंदवले आहे. आयुष्यभर वक्तृत्वाचा अभ्यास केलेल्या, हार्वर्डला ते शिकवलेल्या माणसाला हे इतक्या उशिरा कळले. १८२८ मध्ये जॅक्सन यांनी त्यांना १७८ विरुद्ध ८३ निर्वाचक मतांनी हरवले. १८०१ मध्ये वडिलांनी जेफरसन यांच्या शपथविधीला पाठ दाखवली होती, तशीच मुलाने १८२९ मध्ये जॅक्सन यांच्या शपथविधीला दाखवली. दोघेही एकाच मुदतीचे अध्यक्ष. त्याच वर्षी एप्रिलमध्ये थोरला मुलगा जॉर्ज आगबोटीवरून पाण्यात पडून गेला. आत्महत्या असावी असेच बहुतेकांना वाटले.

इथे बहुतेक पुस्तके थांबतात आणि इथूनच माझ्या मते खरे प्रकरण सुरू होते. १८३० मध्ये शेजाऱ्यांनी त्यांना प्लिमथ मतदारसंघातून प्रतिनिधिगृहासाठी उभे केले. माजी अध्यक्षाने दिवसाला आठ डॉलर भत्त्यावर साधा सदस्य व्हावे, याची घरच्यांना लाज वाटत होती. ते निवडून आले आणि कोणत्याही निवडीने वा नेमणुकीने इतका आनंद दिला नव्हता असे त्यांनी लिहिले. अध्यक्षपद भोगून प्रतिनिधिगृहात बसलेले आजवरचे ते एकटेच. मृत्यूपर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, ते तिथे होते.

तेव्हा उत्तरेतून गुलामगिरीविरोधी अर्जांचे गठ्ठे काँग्रेसकडे येऊ लागले होते. कोलंबिया जिल्हा म्हणजे राजधानीचा प्रदेश थेट काँग्रेसच्या अखत्यारीत असल्याने निदान तिथली गुलामगिरी संपवा, अशी त्यांतली मुख्य मागणी असे. पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारकडे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क दिलेला आहे. तरी २६ मे १८३६ रोजी सभागृहाने ११७ विरुद्ध ६८ मतांनी ठराव केला, की गुलामगिरीशी कोणत्याही प्रकारे संबंधित असलेला अर्ज न छापता, समितीकडे न पाठवता बाजूला ठेवला जाईल आणि त्यावर पुढे काहीही होणार नाही. हाच ‘गॅग रूल’. मराठीत याला तोंडबंदीचा नियम म्हणतात. अर्ज करणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. ॲडम्स यांचे नाव पुकारले गेले तेव्हा त्यांनी हो-नाही म्हणण्याऐवजी हा ठराव घटनेचा, सभागृहाच्या नियमांचा आणि माझ्या मतदारांच्या हक्कांचा थेट भंग आहे, असे सांगितले. गोंगाटात ते वाक्य बुडवण्याचा प्रयत्न झाला.

यानंतर त्यांनी जे केले त्यात भावनेपेक्षा कारकुनी शिस्त जास्त आहे, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी तिकडेच बघायला सांगत असे. ते गुलामगिरी तत्काळ संपवा म्हणणाऱ्यांच्या गटात नव्हते. कोलंबिया जिल्ह्याच्या मागणीलाही त्यांचा पाठिंबा नव्हता. त्यांनी लढा उभा केला तो अर्जाच्या हक्कावर, कारण त्या हक्काला नाही म्हणताना उत्तरेतल्या कोणत्याही सदस्याला स्वतःच्या मतदारांना तोंड दाखवणे अवघड होते. तोंडबंदी येताच अर्ज कमी न होता वाढले. लाखो सह्या, त्यांत स्त्रियांच्या फार मोठ्या संख्येने. स्त्रियांनी राजकारणात पडणे अशोभनीय आहे असे मेरिलँडच्या एका सदस्याने म्हटले, तेव्हा १८३८ च्या जून-जुलैमध्ये ॲडम्स रोज सकाळच्या ठरावीक वेळेत, तुकड्या-तुकड्याने, तीन आठवडे त्याचे उत्तर देत राहिले. टेक्सासला संघराज्यात घेण्याचा प्रश्नही त्याच भाषणात होता, आणि त्या अधिवेशनात तो पुढे सरकला नाही.

एक प्रसंग जवळून पाहू. ६ फेब्रुवारी १८३७. ॲडम्स उठले आणि सभापती जेम्स पोल्क यांना विचारू लागले: माझ्या हातात एक कागद आहे, तो बावीस गुलामांनी पाठवल्याचे दिसते. तो नियमाखाली येतो की नाही, यावर आपला निर्णय हवा. त्यांनी अर्ज मांडला नव्हता, फक्त प्रश्न विचारला होता. सभागृह पेटले. गुलाम अर्ज करतात? अर्ज जाळा, सदस्याची निर्भर्त्सना करा, अशा आरोळ्या उठल्या आणि निषेधाचे ठराव धडाधड आले. ॲडम्स यांनी त्यांना मनसोक्त बोलू दिले. मग शांतपणे सांगितले की ठराव करण्यापूर्वी त्यातला मजकूर तपासा, कारण अर्जात गुलामगिरी नष्ट करा असे म्हटलेले नसून त्याच्या नेमके उलट म्हटले आहे. बहुधा कोणीतरी त्यांना फसवण्यासाठीच तो पाठवला होता. निषेध कशाचा करायचा, हाच प्रश्न विरोधकांना पडला आणि चार-पाच दिवस सभागृह त्या एकाच विषयावर बोलत राहिले, ज्यावर बोलायचे नाही असा त्यांचाच नियम होता.

२४ जानेवारी १८४२ रोजी ते याहून पुढे गेले. मॅसॅच्युसेट्सच्या हेवरहिल गावातल्या ४६ नागरिकांचा अर्ज त्यांनी मांडला. मागणी होती संघराज्यच विसर्जित करण्याची. ती फेटाळण्यासाठी समितीकडे पाठवा, असे त्यांनी स्वतःच सुचवले. केंटकीच्या थॉमस मार्शल यांनी देशद्रोहाच्या भाषेत त्यांच्या निर्भर्त्सनेचा ठराव आणला. पंचाहत्तरीकडे झुकलेल्या, हात थरथरणाऱ्या या सदस्याने लिपिकाला स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा पहिला परिच्छेद वाचायला लावला आणि ज्या सरकारने हक्क तुडवले ते बदलणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य आहे, या शब्दांपर्यंत तो वाचूनच घेतला. निषेध करायचा असेल तर जाहीरनाम्याचा करा, असा त्याचा अर्थ. आरोपीला बचावाचा हक्क असतो, म्हणून त्यांनी सुमारे दोन आठवडे बचाव केला आणि त्या निमित्ताने गुलामगिरीवर मनात होते ते सगळे बोलून घेतले. विरोधकांच्या नाकी नऊ आले आणि ७ फेब्रुवारीला त्यांनी ठराव गुंडाळला. ॲडम्स यांनी लगेच पुढचा गठ्ठा उघडला. व्हर्जिनियाच्या हेन्री वाइझ यांनी त्यांना दक्षिणेच्या गुलामगिरीचा आजवरचा सर्वांत कावेबाज शत्रू म्हटले, ते शिवी म्हणून. ३ डिसेंबर १८४४ रोजी, साडेआठ वर्षांनी, नियम १०८ विरुद्ध ८० मतांनी रद्द झाला.

याच वर्षांच्या मध्यावर ‘आमिस्ताद’ खटला येतो. १८३९ मध्ये क्युबातून निघालेल्या त्या जहाजावर पश्चिम आफ्रिकेतून पळवून आणलेल्या लोकांनी सेंग्बे पिए याच्या नेतृत्वाखाली उठाव केला आणि जहाज अखेर लाँग आयलंडजवळ पकडले गेले. स्पेनने स्वतःच आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी घातलेली होती. म्हणून कागदपत्रांत या माणसांना ‘लादिनो’, म्हणजे क्युबात आधीपासून राहणारे स्पॅनिश बोलणारे गुलाम, असे खोटेच नोंदवले होते. काँग्रेससाठी छापलेल्या भाषांतरात हा शब्द ‘धडधाकट निग्रो’ असा झाला, त्यामुळे खोटी नोंद वाचणाऱ्याच्या लक्षातच येईना. ॲडम्स यांनी हा एक शब्द पकडला आणि त्यावर चौकशी लावली. सर्वोच्च न्यायालयात ते तीसहून अधिक वर्षांनी उभे राहत होते, वय ७३. २४ फेब्रुवारी १८४१ रोजी ते चार तासांहून अधिक बोलले. रात्रीतून न्यायमूर्ती बार्बर यांचे निधन झाले, म्हणून उरलेला युक्तिवाद १ मार्चला पूर्ण झाला. त्यांचा भर कार्यपालिकेने न्यायालयाच्या कामात ढवळाढवळ केल्यावर होता. अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या सरकारने अपिलाला वेळच मिळू नये म्हणून बंदरात जहाज तयार ठेवले होते. ९ मार्चला न्यायमूर्ती स्टोरी यांनी निकाल दिला: हे लोक मुक्त आहेत. कायद्याची मुख्य बाजू खालच्या न्यायालयापासून रॉजर बॉल्डविन यांनी लढवली होती आणि निकालपत्राचा आधारही बराचसा तोच आहे. सगळे श्रेय ॲडम्स यांना देण्याची सवय बरी नव्हे.

स्मिथसोनियन संस्थेचे नाव सर्वांना ठाऊक असते, तिच्यामागचे त्यांचे काम नाही. जेम्स स्मिथसन या इंग्रज शास्त्रज्ञाने ज्ञानाची वाढ आणि प्रसार यांसाठी अमेरिकेला सुमारे पाच लाख आठ हजार डॉलर ठेवले. ती रक्कम अर्कान्सासच्या रोख्यांत गुंतवली गेली आणि ते बुडीत निघाले. मुद्दल सरकारने भरून द्यावे आणि खर्च फक्त व्याजातून व्हावा, यासाठी ॲडम्स दहा वर्षे भांडले. १८४६ च्या कायद्यात ते आले. १८४३ च्या नोव्हेंबरमध्ये, ७६ व्या वर्षी, ते थंडी-पावसात प्रवास करून सिनसिनाटीच्या वेधशाळेची कोनशिला बसवायला गेले. अठरा वर्षे चेष्टा सोसलेला दीपस्तंभ अखेर उभा राहत होता.

गुलामगिरीविषयी त्यांनी मांडलेला आणखी एक मुद्दा पुढे फार कामाला आला. १८३६ मध्ये आणि पुन्हा १८४२ मध्ये त्यांनी सभागृहात सांगितले, की दक्षिणेत युद्ध पेटले तर युद्धकालीन अधिकारात गुलामांना मुक्त करता येईल. त्या दिवशी दक्षिणेच्या सदस्यांना ती धमकी वाटली. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकन यांनी काढलेली मुक्तीची घोषणा याच युद्धाधिकारावर उभी होती.

२१ फेब्रुवारी १८४८ रोजी मेक्सिको युद्धातल्या सेनाधिकाऱ्यांचे आभार मानण्याचा ठराव सभागृहापुढे होता. हे युद्ध गुलामगिरी वाढवण्यासाठी आहे असे ॲडम्स मानत आणि १८४६ मध्ये त्याला विरोध करणाऱ्या चौदा सदस्यांत ते होते. त्यांनी मोठ्याने ‘नाही’ म्हटले आणि थोड्याच वेळात आपल्या मेजावर कोसळले. त्यांना सभापतींच्या दालनात नेले. दोन दिवसांनी तिथेच त्यांनी प्राण सोडला. अंत्यविधीच्या व्यवस्थेसाठी नेमलेल्या समितीत इलिनॉयचे एक नवखे सदस्य होते, त्यांचे नाव अब्राहम लिंकन. ते जुने सभागृह आज पुतळ्यांचे दालन आहे आणि ॲडम्स यांचे मेज होते त्या जागी फरशीत पितळी चकती बसवली आहे. तिथे उभे राहिले की पलीकडची कुजबुज ऐकू येते, ॲडम्स झोपेचे सोंग घेऊन विरोधकांचे बेत ऐकायचे, असे मार्गदर्शक सांगतात. ती दंतकथा आहे, उत्तरपत्रिकेत लिहू नये.

आता अभ्यासाविषयी. चरित्रे नंतर वाचावीत, आधी रोजनिशी उघडावी. १७७९ मध्ये, बाराव्या वर्षी, सुरू केलेली ही रोजनिशी ५१ खंडांची आणि चौदा हजारांहून अधिक पानांची आहे. मॅसॅच्युसेट्स ऐतिहासिक संस्थेने मूळ पानांची छायाचित्रे सर्वांसाठी खुली केली आहेत. तीन नोंदींपासून सुरुवात करा. मार्च १८२० मधली मिसुरी तडजोडीवरची, म्हणजे गप्प राहिलेला मंत्री दिसेल. ३ डिसेंबर १८४४ ची, म्हणजे देवाचे नाव घेऊन सुटकेचा श्वास टाकणारा म्हातारा दिसेल. आणि या दोन्ही वाचण्याआधी ९ जानेवारी १८२५ ची, क्ले भेटायला आले त्या संध्याकाळची. हवेचे तापमान आणि पहाटे वाचलेल्या बायबलची प्रकरणेसुद्धा टिपून ठेवणारा हा माणूस त्या तासांबद्दल किती त्रोटक लिहितो ते पाहा, आणि त्यातून काय निष्कर्ष काढायचा ते तुम्ही ठरवा.